सोराफेनिब

सोराफेनिब हे कर्करोगावरील लक्ष्यवेधी उपचारांत वापरले जाणारे औषध आहे. पेशींमध्ये वाढीचे संदेश वाहून नेणाऱ्या कायनेज प्रकारच्या प्रथिनांना ते रोखते. त्याचा परिणाम कर्कपेशींवर आणि गाठीला रक्त पुरविणाऱ्या भोवतालच्या ऊतींवरही होतो. बायर व ओनिक्स या कंपन्यांनी विकसित केलेले हे औषध ‘नेक्साव्हर’ या नावाने विकले जाते.

कार्यपद्धती

पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिन वाढीचा संदेश स्वीकारते. रास, राफ, मेक व अर्क या प्रथिनांची साखळी तो पुढे केंद्रकापर्यंत पोहोचविते. अनेक कर्करोगांत ही साखळी अखंड चालू राहते. सोराफेनिब राफच्या टप्प्यावर तिला अडथळा करते.

गाठ वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात. त्यासाठी कर्कपेशी व्हीईजीएफ हे प्रथिन स्रवतात. ते जवळच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवरील ग्राहींना जोडले गेले की नव्या केशवाहिन्या फुटू लागतात. वाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशींवर पीडीजीएफचे ग्राही असतात. सोराफेनिब या दोन्ही ग्राहींचे कार्य रोखते. परिणामी गाठीचा रक्तपुरवठा घटतो.

उपयोग व मर्यादा

अमेरिकेत या औषधाला मूत्रपिंडाच्या प्रगत कर्करोगासाठी २००५ मध्ये, शस्त्रक्रियेने न काढता येणाऱ्या यकृताच्या कर्करोगासाठी २००७ मध्ये आणि थायरॉइडच्या काही कर्करोगांसाठी २०१३ मध्ये मान्यता मिळाली. यकृताच्या कर्करोगाच्या ६०२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या गटाचा मध्यक जीवितकाल १०.७ महिने, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्या गटाचा ७.९ महिने होता. म्हणजेच हे औषध आयुष्य काही काळ वाढविते. रोग समूळ बरा करत नाही.

तळहात-तळपाय लाल होऊन दुखणे, अतिसार, पुरळ, थकवा व उच्च रक्तदाब हे त्याचे प्रमुख दुष्परिणाम आहेत.

भारतातील सक्तीचा परवाना

भारतात या औषधाच्या महिन्याभराच्या १२० गोळ्यांची किंमत सुमारे २,८०,००० रुपये होती. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतील पेटंट नियंत्रकांनी पेटंट कायदा, १९७० च्या कलम ८४ अन्वये हैदराबादच्या नॅटको फार्मा कंपनीला हे औषध बनविण्याचा सक्तीचा परवाना दिला. तेवढ्याच गोळ्यांसाठी कमाल किंमत ८,८८० रुपये ठरविण्यात आली आणि पेटंटधारक बायरला विक्रीवर स्वामित्वशुल्क देण्याचे बंधन घालण्यात आले. भारतातील हा अशा प्रकारचा पहिला परवाना होय. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो कायम ठेवला.