एलियाचा देवदूत आणि कोकणातील मलिदा

इसवी सनपूर्व 9व्या शतकात अहाब राजाची राणी ईजबेल हिने जिवे मारण्याची धमकी दिल्यावर एलिया हा नबी, म्हणजे देवाचा संदेश सांगणारा पुरुष, बैरशेब्यापलीकडच्या रानात पळाला आणि मरण मागून झुडपाखाली झोपी गेला. तेथे देवदूताने त्याला दोनदा उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी दिले आणि त्या बळावर तो 40 दिवस चालून होरेब पर्वतावर पोहोचला, असे बायबल सांगते. येथे दूत शत्रूशी लढत नाही, केवळ जेवू घालतो. संरक्षणाची ही कल्पना एलिया स्वर्गात गेला तेव्हाच्या अग्निरथाच्या प्रसिद्ध प्रसंगापेक्षा अधिक मोलाची आहे.

कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, याच नबीला आपला पाठीराखा मानतात आणि अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. नवस फेडताना, लग्नाआधी किंवा संकट टळल्यावर ते मलिदा करतात. त्यात भिजवलेले पोहे, खोबरे व साखर यांचे ताट फळांसह मांडतात, एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया नबीच्या, नावाने हिब्रू प्रार्थना म्हणतात आणि मग हे पदार्थ जमलेल्यांना वाटतात.