घरगुती विद्युत जलतापक

घरगुती विद्युत जलतापक हे स्नान व घरातील इतर कामांसाठी विजेच्या साहाय्याने पाणी तापवणारे स्थायी उपकरण आहे. बोलीभाषेत त्याला गीझर म्हणतात. शीत प्रदेशांत घर उबदार ठेवण्यासाठी विद्युत भट्टी बसवून तापलेली हवा नळांवाटे खोल्यांत सोडली जाते. महाराष्ट्राच्या हवामानात अशा व्यवस्थेची गरज पडत नाही. येथील घरांत कायमस्वरूपी बसवले जाणारे विद्युत तापन उपकरण म्हणजे मुख्यतः जलतापक होय. पाणी, धातूची टाकी आणि वीज ही तिन्ही न्हाणीघरासारख्या ओल्या जागी एकत्र येत असल्याने या उपकरणाची सुरक्षितता त्याच्या बांधणीइतकीच बसवणीवर, विशेषतः भूसंपर्कावर, अवलंबून असते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील खडकाळ जमीन, खंडित पाणीपुरवठा आणि विंधन विहिरींचे कठीण पाणी यांमुळे ही बाब तेथे अधिक महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी

‘गीझर’ हा शब्द आइसलँडमधील ‘गेसिर’ या उष्ण पाण्याच्या कारंज्याच्या नावावरून आला आहे. लंडनमधील बेंजामिन वॉडी मॉन याने १८६८ मध्ये वायूवर चालणाऱ्या आपल्या जलतापकाला हे नाव दिले. विजेच्या तापन उपकरणांचा प्रसार शक्य झाला तो निकेल-क्रोमियम मिश्रधातूमुळे. अमेरिकेतील अल्बर्ट मार्श याने १९०५ च्या सुमारास विकसित केलेली ही मिश्रधातूची तार लालबुंद होईपर्यंत तापली तरी हवेत लवकर जळत नाही.

महाराष्ट्रात पाणी तापवण्यासाठी चुलवण आणि तांब्याचा बंब यांचा वापर दीर्घकाळ होत असे. बंबाच्या मध्यभागी असलेल्या नळकांड्यात लाकूड किंवा कोळसा जाळून भोवतालचे पाणी तापवले जाई आणि ते घंगाळात काढून घेतले जाई. छत्रपती संभाजीनगरजवळील दौलताबादच्या किल्ल्यात मध्ययुगीन हमामाची वास्तू आहे. आजही सौर जलतापकाला मराठीत ‘सौर बंब’ असेच म्हटले जाते.

रचना व कार्य

साठवण प्रकारच्या जलतापकात पोलादी आतील टाकी, तिच्याभोवती उष्णतारोधक फेसाचे आवरण आणि बाहेरचे कवच असते. गंज रोखण्यासाठी टाकीला आतून काचमुलाम्याचा किंवा बहुवारिकाचा थर दिलेला असतो. टाकीतील तापन घटक ही धातूची नळी असते. तिच्या मध्यभागी निकेल-क्रोमियमची तार असून तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता वाहू देते, परंतु वीज वाहू देत नाही. नळीला तडा गेला अथवा भुकटीत ओल शिरली, तर वीज पाण्यात व टाकीच्या धातूत उतरते.

तापस्थायी म्हणजे थर्मोस्टॅट हा ठरावीक तापमानाला वीज तोडतो. तो नादुरुस्त झाल्यास तापमान धोकादायक पातळीवर जाण्यापूर्वी दुसरे औष्णिक खंडक वीज बंद करते. टाकीतील दाब वाढल्यास सुरक्षा झडप उघडते. पाणी २० अंश सेल्सियसवरून ६० अंशांपर्यंत तापले असता त्याचे आकारमान सुमारे दीड टक्का वाढते. २५ लिटरच्या टाकीत ही वाढ चार दशांश लिटरच्या आसपास असते. पाणी उलट दिशेने परतू न देणारी झडप बसवलेली असेल, तर एवढे जादा पाणी सुरक्षा झडपेतून थेंबथेंब बाहेर पडते. हे ठिबकणे दोष समजून झडपेचे तोंड बंद करणे धोक्याचे असते.

प्रकार व क्षमता

तात्काळ प्रकारच्या जलतापकाची टाकी साधारणतः एक ते पाच लिटरची असते व त्याची शक्ती बहुधा ३,००० वॉट असते. साठवण प्रकारात १० ते २५ लिटरच्या टाक्या घरांत अधिक आढळतात व त्यांची शक्ती सहसा २,००० वॉट असते.

१५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ०.७ युनिट वीज लागते आणि २,००० वॉटच्या जलतापकाला त्यासाठी २१ मिनिटे पुरतात. हे पाणी तेवढ्याच थंड पाण्यात मिसळले असता ४० अंशांचे ३० लिटर पाणी, म्हणजे दीड ते दोन बादल्या, मिळते. २५ लिटरसाठी हीच आकडेवारी सुमारे १.१६ युनिट व ३५ मिनिटे अशी येते.

बसवणी

जागा व टांगणी : २५ लिटरच्या टाकीत केवळ पाण्याचेच वजन २५ किलोग्रॅम असते व त्यात उपकरणाचे वजन मिळवावे लागते. त्यामुळे जलतापक भरीव विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर विस्तार-खिळ्यांनी टांगला जातो. पोकळ ठोकळ्यांच्या अथवा पातळ आडभिंतीवर तो टांगणे योग्य नसते. उभ्या आणि आडव्या बसवणीसाठी वेगवेगळे नमुने असतात. उभा नमुना आडवा बसवल्यास तापन घटकाचा काही भाग पाण्याबाहेर राहू शकतो.

नळजोडणी : थंड पाण्याच्या आगम नळीवर निळी आणि गरम पाण्याच्या निर्गम नळीवर लाल खूण असते. आगम नळीवर बंद करण्याची झडप व सुरक्षा झडप बसवतात. छतावरील टाकी व जलतापक यांच्या उंचीतील दर दहा मीटर फरकामागे सुमारे एक बार दाब निर्माण होतो. टाकी जलतापकाच्या जेमतेम दोन मीटर वर असल्यास दाब ०.२ बारइतकाच राहतो व तात्काळ प्रकारचा प्रवाह मंद होतो. बहुमजली इमारतींतील खालच्या मजल्यांवर, तसेच दाबवर्धक पंप असलेल्या घरांत, उपकरणाची कमाल दाबमर्यादा तपासावी लागते.

छत्रपती संभाजीनगरला पैठणजवळील जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयातून पाणी मिळते. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येत असल्याने घरोघरी जमिनीखालील व छतावरील टाक्या असतात आणि विंधन विहीर किंवा टँकर यांचाही आधार घेतला जातो. छतावरील टाकी रिकामी झाली असता जलतापकात नव्याने पाणी येत नाही. नवीन बसवणीनंतर अथवा टाकी रिकामी झाल्यानंतर गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत वीज सुरू न करण्याचा नियम आहे, कारण कोरडा तापन घटक अल्पावधीत जळतो.

वीजजोडणी : २३० व्होल्ट दाबावर २,००० वॉटचा जलतापक सुमारे ८.७ अँपिअर, तर ३,००० वॉटचा १३ अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे दिवे-पंख्यांसाठीच्या ६ अँपिअरच्या खोबणीवर तो चालवता येत नाही. त्याच्यासाठी वितरण पेटीपासून स्वतंत्र तारजोडणी, १६ अँपिअरची खोबणी आणि दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारा खटका आवश्यक असतो. तांब्याची तार २,००० वॉटसाठी सामान्यतः २.५ चौरस मिलिमीटर, तर ३,००० वॉटसाठी ४ चौरस मिलिमीटर छेदाची घेतली जाते. खटका न्हाणीघराबाहेर किंवा स्नान करणाऱ्याचा हात पोहोचणार नाही अशा जागी बसवतात. घरातील इन्व्हर्टरच्या जोडणीवर जलतापक ठेवला जात नाही.

भूसंपर्क व गळती-संरक्षण

तापन घटक फुटल्यावर जलतापकाचे कवच, धातूचे नळ आणि शॉवर यांत वीज उतरू शकते. अशा वेळी भूसंपर्काची म्हणजे अर्थिंगची तार हा प्रवाह जमिनीत नेते व खंडक पडतो. मात्र हे घडण्यासाठी जमिनीचा रोध पुरेसा कमी असावा लागतो. स्वतंत्र भूसंपर्क खड्डा असलेल्या घरात त्याचा रोध २० ओहम असल्यास दोषप्रवाह सुमारे ११.५ अँपिअरच होतो. १६ अँपिअरचे एमसीबी या प्रवाहाला पडत नाही व जलतापकाचे कवच धोकादायक दाबावर राहते. याउलट ओल्या शरीरातून ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह वाहिल्यास तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून ३० मिलिअँपिअर संवेदनक्षमतेचे गळती-खंडक म्हणजे आरसीसीबी हे एमसीबीच्या जोडीला बसवले जाते. फेज व न्यूट्रल तारांतील प्रवाहांत तेवढा फरक पडताच ते वीज तोडते. एमसीबी तारांचे अतिभारापासून रक्षण करते, तर आरसीसीबी माणसाचे.

छत्रपती संभाजीनगर हे दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात आहे. काळ्या मातीचा थर जाड व ओलसर असेल तेथे जमिनीचा रोध कमी असतो. परंतु मुरूम व कातळ जेथे वर येतो तेथे तो बराच वाढतो आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडल्यावर आणखी वाढतो. त्यामुळे पावसाळ्यात समाधानकारक ठरलेली चाचणी मे महिन्यात तशीच येईल असे नाही. अशा जागी खड्डा अधिक खोल घेणे, त्यात कोळसा व मीठ अथवा रोध कमी करणारे मिश्रण भरणे, एकाहून अधिक विद्युतअग्र परस्परांपासून अंतर ठेवून जोडणे आणि खड्ड्यात नियमित पाणी घालणे हे उपाय केले जातात. भूसंपर्कविषयक कार्यपद्धती आयएस ३०४३ या भारतीय मानकात दिलेली आहे.

जुन्या घरांत आढळणाऱ्या काही सदोष पद्धती पुढीलप्रमाणे आहेत :

- पाण्याच्या नळाला भूसंपर्क जोडणे : पूर्वी लोखंडी नळ जमिनीपर्यंत अखंड असत. मधला भाग प्लॅस्टिकच्या नळाने बदलला की हा मार्ग तुटतो आणि दोष उद्भवल्यास वीज घरातील उरलेल्या धातूच्या नळांत उतरते.
- खोबणीत न्यूट्रल व भूसंपर्क एकमेकांना जोडणे : न्यूट्रल तार तुटताच उपकरणाचे कवच थेट २३० व्होल्टवर येते.
- भूसंपर्काची पिन काढून टाकणे : तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या खोबणीत बसवण्यासाठी ती कापली जाते आणि संरक्षणच नाहीसे होते.
- वारंवार पडणारे आरसीसीबी वगळून जोडणी करणे : असे पडणे हे बहुधा गळतीचेच लक्षण असते.

कठीण पाणी

बेसाल्टमधील विंधन विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अनेकदा अधिक असतात. पाणी तापल्यावर त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन न विरघळणारे कार्बोनेट तयार होते व त्याचा पांढरट थर तापन घटकावर साचतो. हा थर उष्णतेला अडवतो, त्यामुळे घटकाचे आतील तापमान वाढून तो लवकर निकामी होतो. ६० अंशांपुढे थर साचण्याचा वेग वाढतो. टाकीत टांगलेली मॅग्नेशियमची कांडी स्वतः झिजून पोलादाचे गंजण्यापासून रक्षण करते. ती संपल्यावर बदलावी लागते. विंधन विहिरीचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या घरांत कांडी व तापन घटक यांची तपासणी वर्षातून एकदा, शक्यतो हिवाळ्यापूर्वी, करणे इष्ट मानले जाते.

तापमान, वीजवापर व पर्याय

६० अंशांच्या पाण्याने प्रौढ व्यक्तीची त्वचा सुमारे पाच सेकंदांत गंभीर भाजू शकते. बालके व वृद्ध यांची त्वचा पातळ असल्याने त्यांना धोका अधिक असतो. त्यामुळे बादलीत आधी थंड पाणी घेऊन मग गरम पाणी मिसळले जाते. दुसरीकडे, कोमट पाणी दीर्घकाळ साठून राहिल्यास त्यात लेजिओनेला जीवाणूंची वाढ होऊ शकते, म्हणून साठवणीचे तापमान फार कमी ठेवणेही योग्य नसते.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तारांकनात साठवण जलतापकाचे तारे हे पाणी नुसते साठून असताना होणाऱ्या उष्णतेच्या हानीवरून ठरतात. वायूवर चालणारा जलतापक हा एक पर्याय असला तरी बंद न्हाणीघरात तो बसवल्यास रंग व वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड साचून मृत्यू ओढवू शकतो. मराठवाड्यात वर्षाचा बराच काळ स्वच्छ ऊन मिळत असल्याने सौर बंब हा उपयुक्त पर्याय ठरतो. ढगाळ दिवसांसाठी त्यात पूरक विद्युत घटक असतो आणि त्यालाही भूसंपर्काचे सर्व नियम लागू होतात.

मानके व परवाने

साठवण प्रकारच्या विद्युत जलतापकांसाठी आयएस २०८२ हे भारतीय मानक असून विक्रीसाठी आयएसआय चिन्ह अनिवार्य आहे. घरातील तारजोडणीची कार्यपद्धती आयएस ७३२ मध्ये दिलेली आहे. शहरातील वीजपुरवठा महावितरणकडे आहे. जलतापकामुळे घराचा एकूण भार मंजूर भारापेक्षा वाढत असल्यास वाढीव भारासाठी अर्ज करावा लागतो. नवीन तारजोडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत करून घ्यावे लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री, तारतंत्री व नळ कारागीर या व्यवसायांच्या प्रशिक्षणाचा या कामाशी थेट संबंध येतो.

हेही पहा

- भूसंपर्कन
- सौर जलतापक
- जायकवाडी धरण
- पाण्याचा कठीणपणा
- महावितरण