तक्रार केली, पुढे काय? फाट्यावरच्या एका व्हिडिओवरून सुचलेला इतिहास

पोस्ट मोठी आहे, पण घरात शाळकरी लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. तेलगाव फाट्यावर चहा पीत उभा होतो. कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागलेली. ओळखीचा एक माणूस बाजूला घेऊन गेला, मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, "दादा, आपल्याच भागातल्या पोरीचं आहे. तुम्ही पत्रकार, कायतरी करा."

मी बघितलंच नाही असं खोटं सांगणार नाही. दोन सेकंदांत कळलं, पोरगी शाळेतली आहे. रात्रीपर्यंत तोच व्हिडिओ आणखी तिघांनी पाठवला. सगळ्यांचा हेतू चांगला, सगळ्यांचं म्हणणं एकच, "पुरावा म्हणून ठेवा." मीही ठेवला. वर एका ओळखीच्या अधिकाऱ्याला "माहितीस्तव" म्हणून पुढेही ढकलला.

दोन दिवसांनी मुलीच्या बापाचा फोन आला. आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात, पोरगी आजीजवळ. ठाण्यात गेलेल्या नातेवाइकाला आधी "हद्द कुणाची?" हेच विचारलं गेलं होतं. बाप एवढंच म्हणाला, "साहेब, ते बंद होईल का?"

वीस वर्षं बातम्या लिहितोय, पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय, पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. म्हणून शोधायला बसलो. जे सापडलं ते इथं मांडतोय.

सुरुवात १९९६ सालची. त्या जून महिन्यात मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी फोन सेवा सुरू केली. तीच आपली चाइल्डलाइन, १०९८. आज बीड जिल्ह्यात कुठं बालविवाह ठरला की गावातला एखादा माणूस गुपचूप हाच नंबर लावतो. पुढं ही सेवा देशभर गेली आणि २०२३ मध्ये सरकारनं ती आपल्या यंत्रणेत घेतली.

त्याच वर्षी युरोपात दुसऱ्या प्रकारची हॉटलाइन जन्मली. इंटरनेटवर लहान मुलांच्या अत्याचाराची चित्रं फिरू लागली होती. नेदरलँड्समध्ये लोकांनी तक्रार करावी म्हणून एक केंद्र उघडलं. ब्रिटनमध्ये लंडन पोलिसांनी इंटरनेट कंपन्यांना दम दिला, हे हटवा नाहीतर कारवाई करू. तेव्हा कंपन्यांनीच पैसे घालून इंटरनेट वॉच फाउंडेशन ही संस्था उभी केली. १९९८ मध्ये अमेरिकेत सायबर टिपलाइन आली आणि १९९९ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या हॉटलाइननी मिळून इनहोप ही संघटना बांधली.

यांची कामाची पद्धत समजून घ्या, कारण खरा मुद्दा तिथंच आहे. आपण फक्त लिंक कळवायची, नाव न सांगताही चालतं. तिथला प्रशिक्षित माणूस ती बघतो आणि हे कायद्यात बसणारा गुन्हा आहे की नुसतं न आवडणारं काही, ते ठरवतो. मग साहित्य कोणत्या देशातल्या सर्व्हरवर आहे ते शोधतो. आपल्याच देशात असेल तर पोलिसांना आणि सर्व्हरवाल्याला कळवतो, परदेशात असेल तर तिथल्या हॉटलाइनकडं पाठवतो. त्या चित्राचा अंगठ्याच्या ठशासारखा एक डिजिटल ठसा काढून ठेवतात, म्हणजे तेच चित्र पुन्हा चढवलं तर मशीन ओळखतं. मायक्रोसॉफ्टनं २००९ मध्ये यासाठी फोटोडीएनए नावाचं तंत्र तयार केलं.

आता आपल्याकडं काय झालं ते बघू. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. २००१ मध्ये मुंबई हायकोर्टानं इंटरनेटवरच्या अश्लीलतेबद्दल आलेलं एक पत्रच याचिका मानलं आणि समिती नेमली. पण सामान्य माणसानं तक्रार नेमकी कुठं करायची, याचं उत्तर पुढं बरीच वर्षं मिळालं नाही.

तक्रारीला उशीर झाला की काय होतं, ते २००४ मध्ये दिसलं. दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची क्लिप बाझी डॉट कॉम या लिलावाच्या साइटवर विक्रीला लागली. २७ नोव्हेंबर, शनिवारची संध्याकाळ. एका ग्राहकानं त्याच संध्याकाळी कंपनीला कळवलं. क्लिप हटली सोमवारी सकाळी. मधल्या काळात ती विकली गेली होती. कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली, देशभर गाजलं. त्यानंतरच्या दुरुस्तीत मुलांच्या अश्लील साहित्यासाठी ६७ ब हे स्वतंत्र कलम आलं, लागू झालं २००९ मध्ये. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २००६ मध्ये आपल्याच औरंगाबाद खंडपीठानं ऑर्कुटवरच्या भारतद्वेषी गटावरून गूगलला नोटीस पाठवायला सरकारला सांगितलं. पुढच्याच वर्षी छत्रपती शिवाजी महाराजांबद्दलच्या ऑर्कुटवरच्याच आक्षेपार्ह मजकुराच्या तक्रारीत पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण इंजिनिअरला उचललं. इंटरनेट कंपनीनं माहितीच चुकीची दिली होती. ज्यानं काही केलंच नव्हतं, तो जवळपास पन्नास दिवस येरवड्यात राहिला. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका साध्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली आणि ते ६६ अ कलम २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्दच केलं. तक्रार आली की आधी नीट तपासणारा माणूस मध्ये हवा, तो यासाठी. तो नसला तर पोरीला न्याय मिळत नाहीच, वर भलताच माणूस आत जातो.

खरा बदल झाला तो पुन्हा एका पत्रानं. २०१५ मध्ये हैदराबादच्या प्रज्वला संस्थेच्या सुनीता कृष्णन यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सोबत बलात्काराचे व्हायरल व्हिडिओ असलेला पेनड्राइव्ह. कोर्टानं स्वतःहून प्रकरण हाती घेतलं. दरम्यान २०१६ मध्ये मुंबईच्या आरंभ इंडियानं ब्रिटनच्या त्याच इंटरनेट वॉच फाउंडेशनच्या मदतीनं भारतातली पहिली हॉटलाइन सुरू केली. आरंभ ही कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या प्रेरणा संस्थेशी जोडलेली. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारचं सायबरक्राइम पोर्टल आलं, आधी फक्त महिला आणि मुलांविषयीच्या अशा साहित्यासाठी. २०१९ मध्ये ते सगळ्या सायबर गुन्ह्यांसाठी खुलं झालं. त्याच वर्षी अमेरिकेच्या टिपलाइनशी करार झाला. आता भारतातून कुणी असं काही फेसबुकवर चढवलं तर कंपनी अमेरिकेत कळवते, तिथून माहिती दिल्लीला येते, दिल्लीहून महाराष्ट्र सायबरकडं आणि तिथून जिल्ह्याला.

मग आपलं अडतं कुठं? ही सगळी यंत्रणा लिंकवर उभी आहे. आपल्या गावात लिंक नसते, व्हिडिओ फोनवरून फोनवर जातो. व्हॉट्सअॅपचा मेसेज मधे कुणाला वाचता येत नाही. म्हणजे तक्रार करू शकतो तो फक्त ज्याच्या हातात व्हिडिओ आला तो, म्हणजे तुम्ही आणि मी. आणि आपण तर "पुरावा" म्हणून पुढं पाठवत बसतो.

इथं माझी चूक कबूल करतो. २३ सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की मुलांचं असं साहित्य जवळ ठेवणं हाही पॉक्सोखाली गुन्हा होऊ शकतो. हे साहित्य म्हणजे "चाइल्ड पॉर्नोग्राफी" नव्हे, मुलांवरचा अत्याचार आहे, तसंच म्हणा, असंही बजावलं. आणि पॉक्सोचं कलम २० तर थेट माझ्यासाठीच आहे. माध्यमातल्या माणसाला असं काही दिसलं तर त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे, नाही कळवलं तर शिक्षा. मी कळवलं होतं, पण व्हिडिओच पुढं पाठवून. त्या पोरीचा तो व्हिडिओ पसरवणाऱ्यांत एक मीही होतो.

तेव्हा यापुढं असं काही फोनवर आलं तर काय करायचं, ते लिहून ठेवा.

१. कुणालाही पाठवू नका, पोलिसांनासुद्धा नाही. कुणी पाठवलं, कोणत्या नंबरवरून, कोणत्या ग्रुपवर, किती वाजता, हे कागदावर लिहा.

२. ग्रुपमध्येच रिपोर्टचं बटण दाबा. त्यावर शेवटचे पाच मेसेज कंपनीला जातात.

३. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला आणि मुलांच्या विभागात तक्रार करा. नाव न देताही करता येते. १९३० नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, दोन्हींत गल्लत करू नका.

४. ठाण्यात कुणी हद्द विचारली तर सांगा, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात गुन्हा कुठंही घडला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.

५. मुलगी अल्पवयीन असेल तर टेक इट डाउन ही मोफत सेवा आहे. फोटो आपल्याच फोनवर राहतो, फक्त त्याचा ठसा कंपन्यांना जातो.

६. तिचं नाव, गाव, शाळा कुठंही लिहू नका. बातमीतही नाही, हळहळ म्हणून टाकलेल्या कमेंटमध्येही नाही.

त्या बापाला मी पुन्हा फोन केला. पोर्टलवर तक्रार झाली, गुन्हा नोंदला, दोन ठिकाणच्या लिंक हटल्या. हे सगळं सांगितलं. तरी त्यानं तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, इंटरनेटवरचं बरंचसं बंद होईल, पण लोकांच्या फोनमधलं त्यांनी स्वतः काढलं तरच जाईल.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पट्टा पडला की पोरीला घेऊन बीडला जातो, तिथंच शाळा बघतो."

माझ्या फोनमधून मी तो व्हिडिओ त्याच दिवशी काढला. तुमच्यापैकी कुणाच्या फोनमध्ये असेल तर काय करायचं ते वर लिहिलंय.