विटाळाचा समज आणि मुलींचे आरोग्य

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कामगार वस्त्यांतील एका खोलीच्या बिऱ्हाडात ‘कावळा शिवला’ म्हणून मुलीने बाजूला बसावे, एवढी जागा नसते. विटाळाचा समज मात्र सहजी जात नाही. पाळीचे कापड कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ते अंधाऱ्या कोपऱ्यात वाळविले जाते. अशा दमट कापडात जंतू वाढून संसर्ग होऊ शकतो.

वास्तविक हा स्राव अशुद्ध नसतो. गर्भधारणा न झाल्याने गर्भाशयाचे अस्तर रक्तासह बाहेर पडते. त्या दिवसांत स्पर्शाने लोणचे नासत नाही आणि डोक्यावरून न्हाण्यानेही अपाय होत नाही.

कापड साबणाने स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवावे. पॅड चार ते सहा तासांनी बदलावे. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्यावे. रक्तस्राव सात दिवसांहून अधिक टिकल्यास किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळी सुरू न झाल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

राज्य सरकारने ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू करून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना ५ रुपयांत ८ पॅड देण्याची व्यवस्था केली होती. स्वस्त पॅडइतकीच गरज आहे, ती पहिली पाळी येण्यापूर्वीच मुलीशी मोकळेपणाने बोलण्याची.