जमिनीत दडलेला ज्वारीचा वैरी

अनमोड घाट चढून धारवाड मागं टाकलं आणि नवलगुंदच्या वाटेला लागलं, की काळी रानं सुरू होतात. आम्हां भातखाऊ गोंयकारांना तिथली ज्वारीची भाकरी, म्हणजे जोळद रोट्टी, हॉटेलातली चैन वाटते. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या घराघरांत तेच रोजचं अन्न होतं, आणि एक किडा त्या अन्नाच्या मुळावर उठला होता.

हा दख्खनचा बिनपंखी नाकतोडा. लेस्ली कोलमन हा कॅनडाचा शास्त्रज्ञ १९०८ साली म्हैसूर संस्थानात नोकरीला आला. त्याच्याच नावावरून १९१० साली स्पेनच्या बोलिव्हार यांनी या किड्याला 'कोलेमानिया' हे नाव दिलं. कोलमनने १९११ साली त्यावर पुस्तिका लिहिली आणि इंग्रजी शीर्षकात 'जोळ' हा कन्नड शब्द तसाच ठेवला. जन्मभर सरकारी कागदांत नावांची मोडतोड पाहणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला याचं फार कौतुक वाटलं!

जूनच्या पावसाबरोबर पिल्लं जमिनीतून बाहेर पडतात आणि कोवळी ज्वारी खात वाढतात. पावसाळा सरल्यावर मादी मातीत अंडी घालते आणि मरते. पुढचा पाऊस येईपर्यंत अंडी जमिनीतच असतात. शेतकरी मळणी करत असतो, तेव्हा पुढल्या वर्षीचं संकट त्याच्या पायाखाली असतं.

पंख नाहीत, त्यामुळे हा टोळासारखा उडून जात नाही. फार तर शेजारच्या शेतात जाईल. उपायही साधा होता. नांगरून अंडी उन्हात आणायची, पिल्लं कापडी झोळ्यांनी पकडायची. पण काळी जमीन खोल नांगरायला बैलांच्या अनेक जोड्या लागत. चार एकरवाल्याकडे एक जोडी असली तरी पुष्कळ. शिवाय एकाने नांगरलं आणि बांधापलीकडच्याने नाही, तर सगळी मेहनत पाण्यात.

इथं मला आमची खाजनं आठवली. बांधाला कुर्ल्यांनी एक भोक पाडलं तरी खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरतं. म्हणून बांध गांवकारीने राखले. धारवाडकडे काय होतं? याच जुन्या जिल्ह्यातल्या (आता गदग) कणगिनहाळला १९०५ साली सिद्धनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था काढली. देशातली ती पहिली मानतात. ती नाकतोड्यासाठी काढली नव्हती, हे खरं. पण सावकाराच्या पायरीवर न जाता बैल घेता येणं आणि जमिनीतली अंडी उकरता येणं, यांचा संबंध मला तरी दिसतो.

स्वातंत्र्यानंतर बीएचसीची पावडर आली. ती धुरळायला शेजाऱ्याची गरज नव्हती. तिचा उग्र वास आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांनाही आठवत असेल. ती मातीत वर्षानुवर्षं उरते. शेवटी १९९७ साली तिच्यावर बंदी आली.

धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या मेळ्यात एका म्हाताऱ्याला मी मुद्दाम विचारलं, "अज्जा, ज्वारीवर ते बिनपंखाचे मिडते अजून येतात का?"

तो हसला. "मिडते राहू दे रे. पावसाळी जोळ पेरतंय कोण आता? सगळीकडे मका नाहीतर सोयाबीन!"