सहा महिन्यांची मुदत

मंडळी, आमचं मानवत हे कापसाचं गाव. दिवाळी सरली की जिनिंगच्या आवारांत पांढरे ढीग लागतात आणि रस्त्यावर ट्रकांची रांग. परभणीहून पाथरीकडे जाणारा रस्ता आमच्या गावावरून जातो. तो पुढे कल्याण-निर्मल महामार्ग म्हणून ओळखला जाऊ लागला. आज त्याचा क्रमांक ६१ आहे. मानवत रोड हे रेल्वे स्टेशन गावापासून लांब, त्यामुळे गावाचं येणंजाणं आणि मालाची ने-आण या रस्त्यावरच. गावाला पैसा याच रस्त्यानं आणला आणि काही घरांचा आधारही याच रस्त्यानं नेला.

आज मी तुम्हाला एका कायद्याची गोष्ट सांगणार आहे. मी वकील नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण या कायद्याशी माझा एक जुना हिशेब राहून गेला आहे.

आमच्या मोहल्ल्यात एक हमालचाचा होते. नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं आज गावात नांदताहेत. १९९० च्या हिवाळ्यात, दिवेलागणीला, चाचा जिनिंगमधून पायी घरी येत होते. मागून भरलेला ट्रक आला. चाचा वाचले, पण उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. पंचनामा झाला, ट्रकचा नंबर लिहिला गेला. आठ दिवसांनी मालकाचा माणूस दवाखान्यात आला, उशाशी काही नोटा ठेवल्या आणि एका कागदावर अंगठा घेऊन गेला. चाचींना वाटलं, माणूस भला आहे.

वर्ष गेलं. चाचा कुबडीवर आले. घरातली भांडी विकायची वेळ आली तेव्हा माझे अब्बा, जे शिंपीकाम करत, चाचांना घेऊन परभणीला एका वकिलांकडे गेले. मी सोबत होतो. वकील सज्जन होते. त्यांनी कागद पाहिले, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, "चौदा महिने झाले. मुदत सहा महिन्यांची. सबळ कारण असेल तर वर्षापर्यंत. त्यापुढे कोर्टाच्याही हातात काही नाही."

परतीच्या एसटीत चाचा एवढंच म्हणाले, "कागज का टैम निकल गया बोलते. मेरे पाँव का टैम कब निकलता?"

ही सहा महिन्यांची मुदत आली कुठून, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. ते आता सांगतो.

इंग्रजांनी १८५५ साली प्राणघातक अपघातांचा कायदा केला. दुसऱ्याच्या चुकीनं माणूस मेला तर त्याच्या बायकामुलांना भरपाई मागता यावी, एवढाच त्याचा हेतू. पण त्यासाठी दिवाणी दावा लावायचा, मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी भरायची आणि वर्षानुवर्षं खेटे घालायचे. ज्याच्या घरातला कमावता हात गेला, त्यानंच आधी पैसे भरायचे! १९३९ साली मोटार वाहन कायदा आला. त्यातलं सक्तीच्या विम्याचं प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालं. रस्त्यावरच्या तिऱ्हाईत माणसासाठी गाडीमालकानं विमा उतरवलाच पाहिजे, हा विचार तिथून रुजला. आम्ही तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. पुढे १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला.

त्याच १९५६ साली संसदेनं मोटार कायद्यात मोठी दुरुस्ती केली. अपघाताच्या भरपाईसाठी वेगळं न्यायाधिकरण असावं, साध्या अर्जावर काम चालावं, असं ठरलं. हेच आपलं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. जिल्हा न्यायालयात जे 'क्लेमचं कोर्ट' म्हणतात, ते हेच. पण दार उघडताना त्यावर घड्याळ टांगलं गेलं : अर्ज साठ दिवसांत करा. १९६९ च्या दुरुस्तीनं साठ दिवसांचे सहा महिने झाले. विमा कंपनीच्या जबाबदारीलाही मर्यादा होती. मालट्रकसाठी आधी वीस हजार, १९६९ च्या दुरुस्तीनं पन्नास हजार, १९८२ च्या दुरुस्तीनं दीड लाख. १९८८ च्या कायद्यानं तिऱ्हाइताच्या जीविताबाबतची ही मर्यादा काढून टाकली.

आता चूक कुणाची, हा प्रश्न. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात मुंबईकडचा एक खटला निकाली निघाला. मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन. एका लॉरीनं मोटारीला धडक दिली होती. लॉरीच्या मालकाचं म्हणणं, ऐनवेळी यंत्राचा भाग तुटला, त्याला आम्ही काय करणार? न्यायालयानं सांगितलं, तुम्ही गाडीची योग्य ती सगळी काळजी घेतली होती आणि तरीही दोष लपूनच राहिला, हे तुम्हीच सिद्ध करा. मालकाला ते करता आलं नाही. मात्र त्याच निकालात न्यायालयानं असंही म्हटलं की भरपाईसाठी निष्काळजीपणा सिद्ध व्हायलाच हवा. मग बेशुद्ध पडलेल्या माणसानं साक्ष कुठून आणायची? या प्रश्नाचं अर्धं उत्तर १९८२ च्या दुरुस्तीनं दिलं. चूक कुणाचीही असो, मृत्यूला पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. १९८८ च्या कायद्यात, जो १ जुलै १९८९ ला अमलात आला, हे आकडे पंचवीस हजार आणि बारा हजार झाले.

म्हणजे आमचे चाचा पडले तेव्हा नुसत्या अपंगत्वासाठी बारा हजार रुपये कायद्यानं ठेवलेले होते. त्याहून मोठा दावा वेगळाच. पण त्याच नव्या कायद्यानं मुदत अधिक कडक केली होती. जुन्या कायद्यात सबळ कारण असलं तर न्यायाधिकरण उशीर कितीही माफ करू शके. नव्यात बारा महिन्यांनंतर दारच बंद.

आता माझ्या हिशेबाकडे येतो. १४ नोव्हेंबर १९९४ ला संसदेची नवी दुरुस्ती अमलात आली आणि ही मुदतच रद्द झाली. अपघातग्रस्ताला तो राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात दावा करण्याची मुभाही तिनंच दिली. १९९६ साली धन्नालाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याहून पुढचं सांगितलं. तो अपघातही १९९० चाच, डिसेंबरातला. अर्जाला बारा महिन्यांवर अगदी थोडे दिवस उशीर झाला म्हणून तो फेटाळला होता. न्यायालय म्हणालं, मुदतीचं कलमच गेलं, आता जुन्या अपघातांचे दावेही उशिराच्या कारणानं नाकारता येणार नाहीत.

मंडळी, चाचा १९९९ पर्यंत हयात होते. शेवटची पाच वर्षं त्यांच्यासाठी दार उघडं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर आम्हीही कुणाला विचारलं नाही. मी रोज वर्तमानपत्र वाचत होतो. त्याच काळात मी चाचांच्या कुबडीवर एक कविता लिहिली. ती कविसंमेलनांत वाचली, टाळ्याही घेतल्या. कविता लिहिली, पण अर्ज लिहिला नाही.

म्हणून हा उद्योग. चाचांसारख्यांसाठी पुढे न्यायालयांनी बरंच केलं. २०१० च्या राजकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, अपंगत्वाचा टक्का आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात गेलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराची किंवा ड्रायव्हरची मात्र सगळी कमाईच जाते. हमालाच्या पायाचा हिशेब यावरून तुम्हीच करा.

आणखी एक गोष्ट आपल्या भागानं कान देऊन ऐकावी. लग्नाचं वऱ्हाड मालट्रकमध्ये भरून नेण्याची आपल्याकडे सवय. २००२ साली आशा राणी खटल्यात न्यायालयानं स्पष्ट केलं की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर लादता येत नाही. १९९४ च्या दुरुस्तीनं मालाच्या मालकाला विम्यात जागा दिली, पण २००७ च्या एका निकालानं ती केबिनपुरतीच ठेवली. कापसाच्या बोंदऱ्यांवर बसून बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्यानं हे लक्षात ठेवावं. भाडं वाचतं, पण विमा हातचा जाऊ शकतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. २०१९ च्या दुरुस्तीनं ती सहा महिन्यांची मुदत परत आणली. १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. अपघाताच्या दिवसापासून सहा महिने मोजायचे आणि त्याच्या आत अर्ज करायचा.

याच तारखेपासून काही चांगल्या गोष्टीही आल्या. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा, नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल, आणि अपघातग्रस्ताला त्याचे हक्क लेखी कळवायचे. ठोकर देऊन पळालेली गाडी सापडली नाही, तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळण्याची योजना आहे. मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतच्या रोकडविरहित उपचारांची योजना जाहीर झाली.

वकिलाला पैसे नाहीत, ही अडचण अनेकांची. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना मोफत वकील मिळतो. स्त्रीला तर उत्पन्नाची अटही नाही. जिल्हा न्यायालयात हे कार्यालय असतं. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. कुणी वकील 'भरपाईतला अमुक हिस्सा माझा' म्हणाला, तर वकिलांच्या नियमांना ते मंजूर नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि लोकअदालतीत तडजोड करताना आकडा नीट समजून घ्या, कारण त्या निवाड्यावर अपील नाही.

आमच्या मोहल्ल्यात आता कुणाच्या घरी अपघाताची खबर आली की मी विचारपूस करायला जातो. आधी सलाम, मग तब्येत. मग हळूच विचारतो, एफआयआरची नक्कल घेतली का? दवाखान्याची बिलं जपून ठेवलीत का? कुणी आणलेल्या कोऱ्या कागदावर अंगठा तर दिला नाही ना? काही लोकांना ते अवेळी वाटतं. वाटो. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी त्यांच्या सहाव्या महिन्याच्या तारखेला खूण करून ठेवतो.