दोन चौकड्या, एक तबकडी : ‘फ्री जॅझ’

१/ न्यूयॉर्क, २१ डिसेंबर १९६०. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांनी आठ वादकांच्या दोन चौकड्या केल्या. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात एक डावीकडून ऐकू येते, दुसरी उजवीकडून.

२/ स्वरसंगतीचा पूर्वनियोजित आराखडा नव्हता. तरीही ही अनागोंदी म्हणता येणार नाही. प्रत्येक एकलवादनापूर्वी सर्वांनी मिळून वाजवायचे छोटे तुकडे आधीच बांधलेले होते. उरलेले सारे परस्परांना ऐकत घडले.

३/ सुमारे ३७ मिनिटांचे हे सलग वादन तबकडीच्या दोन बाजूंवर विभागावे लागले. १९६१ मध्ये ती प्रकाशित झाली.

४/ जानेवारी १९६२ मध्ये ‘डाउनबीट’ने तिची दोन परीक्षणे छापली. एका समीक्षकाने पाच तारे दिले, दुसऱ्याने एकही नाही. पुढे तबकडीचे नावच संपूर्ण प्रवाहाला मिळाले.